ताईंच्या डोळ्यामागचं अस्तर

आमच्या ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दातांच्या डॉक्टर. हात इतका हलका, की इंजेक्शन देऊन झालं तरी माणूस डोळे मिटून वाट बघत बसायचा. जीभ मात्र तेवढीच जड. लग्नाचा विषय कोणी काढलाच तर म्हणायच्या, "दिवसभर लोकांची तोंडं बघते, घरी आल्यावर आणखी एक कशाला?"

एके दिवशी दाढेतली कीड काढताना त्यांना दाढेची कड वाकलेली दिसली. त्यांनी हात मागे घेतला, खिडकीकडे पाहिलं, तर खिडकीचे गजही मधोमध वाकलेले. पेशंटला त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ दिली आणि थेट डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांना अर्धं ठाऊकच होतं. त्यांच्या आईलाही हेच झालं होतं, फक्त तेव्हा सगळ्यांनी ते वयावर ढकललं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग हळूहळू मरत जातो. कडेचं दिसत राहतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. औषध नाही.

ताईंनी दवाखाना बंद करून टाकला. "दुसऱ्याच्या तोंडात यंत्र घालायचं तर दिसायला नको?" एवढंच म्हणाल्या आणि आमच्याकडे राहायला आल्या. पुढची दोन-तीन वर्षं आम्हा सगळ्यांनाच जड गेली. उजवा डोळाही हळूहळू त्याच वाटेने चालला होता, डाव्यात तर मधोमध राखाडी डाग बसला होता. चहा कपाबाहेर ओतला जायचा. जिन्यात शेजारीण हसली तरी ताईंना कळायचं नाही, आणि "डॉक्टरीणबाईंना भारी शिष्टपणा आलाय" असं आमच्या कानावर यायचं. मदत करायला गेलं की फटकारायच्या. माझा नवरा एकदा त्यांच्या हातातल्या तांदळातले खडे निवडून द्यायला बसला, तर म्हणाल्या, "तुला शाळेत असताना चष्मा मी लावायला लावला. माझ्यासमोर शहाणपणा करू नकोस."

अशात डोळ्यांच्या डॉक्टरांनीच एका संशोधन केंद्राचा पत्ता दिला. तिथे एक बाई अशाच आजारावर काम करत होत्या आणि त्यांना ताईंच्या कातडीचा छोटा तुकडा हवा होता.

"कातडीचा?" ताई म्हणाल्या. "दुखणं डोळ्यात आणि तुकडा दंडाचा?"

तरी गेल्या. मी गाडी चालवत होते. केंद्र म्हणजे लांब पांढरे बोळ, दारांना काचा, आणि सगळीकडे फ्रीजसारखी घरघर. त्या बाई अंगाने किडकिडीत, केस कापडी टोपीत कोंबलेले, बोलताना हात खिशात. त्यांनी नीट समजावून सांगितलं. कातडीच्या पेशींना मागे नेता येतं, इतकं मागे की त्या कशाच्याच राहत नाहीत. त्यांना म्हणतात मूळ पेशी. मग त्यांना हवं ते शिकवायचं. या बाई त्यांना डोळ्याच्या पडद्यामागचं अस्तर व्हायला शिकवत.

"पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज थोड्या झिजतात," त्या म्हणाल्या. "तो कचरा हे अस्तर गिळतं. तुमच्या घराण्यात ते नीट गिळत नाही, असा आमचा अंदाज आहे. पण जिवंत माणसाचं अस्तर काढून तर बघता येत नाही. म्हणून तुमचंच अस्तर प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवायचं आणि तिथे बघायचं."

"आणि माझ्या डोळ्यांना त्याचा फायदा?"

"बहुतेक काहीच नाही. तुमच्यानंतरच्या कोणाला तरी होईल, तोही कदाचित."

मला वाटलं, झालं, आता ताई उठणार. पण त्यांनी बाही वर केली. "घ्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी सरळ बोललं."

त्यानंतर आमचं तिथे जाणं-येणं सुरू झालं. तपासण्या असायच्या, पण ताईंना खरी ओढ होती ती त्या पेशींची. त्या पेशींना सुट्टी नसायची. रोज त्यांचं पोषक पाणी बदलावं लागायचं, रविवारीसुद्धा, ताप आला तरी. बाई काचेच्या कपाटासमोर बसायच्या, हात आत घालायच्या आणि एकेका बशीतलं जुनं पाणी ओढून नवं सोडायच्या. शेतीपेक्षाही नाजूक काम. ताईंनी त्यांचं नाव ठेवलं माळीणबाई. पुढे पुढे तिथले सगळेच त्यांना तसं म्हणायला लागले.

"माळीणबाई, काय म्हणतंय माझं रोपटं?" ताई दारातूनच विचारायच्या.

"रुसलंय. उद्या बघू."

कित्येक महिने रुसलेलंच होतं. पेशी वाढायच्या आणि भलतंच काहीतरी व्हायच्या. मग एका सकाळी माळीणबाईंचा फोन आला, आवाज आनंदाने चढलेला. आम्ही गेलो. बशीत नुसत्या डोळ्यांनीही दिसावा असा तपकिरी ठिपका उमटला होता. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बघतच राहिले. षटकोनी फरशांसारख्या पेशी, एकीला एक घट्ट चिकटलेल्या, आणि प्रत्येकीत तपकिरी रंग.

"सांग की," ताई म्हणाल्या.

"मधाच्या पोळ्यासारखं आहे, ताई. कोणीतरी एकेक घर मोजूनमापून बसवल्यासारखं."

दंडावरचा तो छोटा वण ताईंनी बोटाने चाचपला.

त्या अस्तराने खरं काय ते दाखवलं. माळीणबाईंनी त्याला झिजलेल्या पेशींचे तुकडे खायला घातले. ते गिळत होतं, अगदी भुकेल्यासारखं. पण पचवत नव्हतं. आतल्या आत गाळ साचत होता, खास प्रकाशात पिवळा चमकणारा. म्हणजे अंदाज अर्धा चुकला होता: गिळण्यात खोट नव्हती, पचवण्यात होती. मग त्यांनी पेशींच्या आतल्या जनुकातलं एक चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं आणि पुन्हा अस्तर वाढवलं. या वेळी गाळ साचला नाही. दोन बशा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्हीत ताईच. एक आजारी, एक बरी.

"आईला हे सांगायला हवं होतं," ताई गाडीत बसल्यावर म्हणाल्या. "बिचारी शेवटपर्यंत म्हणायची, भरतकाम फार केलं म्हणून डोळे गेले. स्वतःलाच दोष देत राहिली."

पुढची पायरी होती माणसाच्या डोळ्यात ते अस्तर बसवायची. त्याला परवानग्या मिळेपर्यंत बराच काळ गेला. पहिल्या माणसावर फक्त एवढंच बघायचं होतं, की अस्तर तगतं का आणि त्याने काही अपाय तर होत नाही ना. दिसण्याची हमी कोणी देत नव्हतं. ताईंनी स्वतःहून नाव दिलं, आणि माळीणबाई पहिल्यांदा गडबडल्या.

"तुम्ही नको," त्या म्हणाल्या.

"का? माझंच रोपटं आहे."

"म्हणूनच. काही बिघडलं तर मी पुन्हा त्या कपाटासमोर बसू शकणार नाही."

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. त्या समोरच्या माणसाकडे मान तिरकी करून बघायच्या, कारण कडेनेच दिसायचं. "हे बघा, पहिल्यांदा दात काढला तेव्हा माझेही हात कापत होते. समोरच्या आजोबांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, ओढ पोरी. मीही तेच सांगतेय. आणि निवड तुम्ही करायचीच नाही. ते डॉक्टर ठरवतील."

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सगळं तपासून होकार दिला. जास्त बिघडलेला डावा डोळा निवडला. डागाच्या कडेला काही पेशी अजून अर्धमेल्या तग धरून होत्या, तिथेच अस्तर सरकवायचं ठरलं.

आणि तारीख तोंडावर आली असताना पेटीत बुरशी शिरली. ज्या उबदार पेटीत अस्तर वाढत होतं, तिथे. आम्ही पोचलो तेव्हा माळीणबाई सगळ्या बशा एकेक करून फेकत होत्या. कितीतरी महिन्यांचं काम. रडत नव्हत्या, पण ओठ पांढरे पडले होते.

"सगळं गेलं?" मी विचारलं.

"वाढवलेलं सगळं. दुरुस्त केलेल्या मूळ पेशी गोठवून ठेवल्यात, त्या आहेत." त्यांनी पेटी उघडली, पुसायला घेतली. "पुन्हा वाढवायचं."

बस्स, एवढंच. ना कोणावर ओरडल्या, ना कपाळाला हात लावला. ताई तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "अगं, मी दवाखाना बंद केला तेव्हा महिनाभर अंथरुणातून उठले नव्हते. आणि ही बघ." त्या दिवसापासून ताईंनी पांढरी काठी घेतली, जिला आजवर हात लावायला तयार नव्हत्या, आणि एकट्या दुकानापर्यंत जायला लागल्या.

नवं अस्तर तयार झालं. मसुराच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, इतकं पातळ की पाण्यात ठेवल्याशिवाय हाताळता येत नव्हतं. माळीणबाईंनी ते स्वतः शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत नेलं आणि मग बाहेर आमच्यात येऊन बसल्या. माझ्या नवऱ्याने त्यांना पाणी दिलं, तर तो पेला त्यांनी तसाच हातात धरून ठेवला. दार उघडून डॉक्टर आले. "बसलं," ते म्हणाले. "सुरकुती नाही." तेव्हा कुठे माळीणबाई पाणी प्यायल्या.

पहिले काही आठवडे काहीच नव्हतं. डोळ्याच्या फोटोत अस्तर जिवंत दिसत होतं, सूज नव्हती, आणि डॉक्टर तेवढ्यावर खूश होते. ताई म्हणायच्या, "मीही खूश आहे." खरंच खूश होत्या की आम्हाला धीर देत होत्या, देव जाणे.

मग एका दुपारी आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो होतो. मी कशावर तरी खदाखदा हसले. ताईंनी उजवा डोळा हाताने झाकला, माझ्या अगदी जवळ आल्या, मान इकडे-तिकडे करत राहिल्या.

"थांब. तोंड उघड."

"काय झालं?"

"वरचा दात तुटलाय तुझा. कधीपासून?"

गेल्या वर्षी तुटला होता. त्यांच्या डाव्या डोळ्याला हाताची बोटं दिसणं बंद होऊन तर त्याहून जास्त काळ लोटला होता. मी तोंड उघडं ठेवूनच रडायला लागले. "रडतेस काय," ताई म्हणाल्या. "वेळेवर दाखवायला काय होत होतं?"

फार काही झालं असं म्हणता येणार नाही. डागाच्या कडेला एक लहानशी फट उघडली आहे. तिच्यातून ताई मोठ्या भिंगाने ठळक अक्षरं एकेक करून वाचतात आणि दमतात. उजव्या डोळ्याचं अजून ठरलेलं नाही. पण अस्तर टिकून आहे, आणि त्यामुळे दुसऱ्या माणसाला परवानगी मिळाली. तो बस चालवायचा. त्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ताई सकाळीच तयार होऊन बसल्या. बोळात त्याच्या बायकोशेजारी जागा धरली आणि तिला माळीणबाईंविषयी सांगायला लागल्या: बुरशीचं, रविवारचं, त्या फेकलेल्या बशांचं. ती बाई ऐकता ऐकता ताईंचा हात धरून बसली. काचेपलीकडे माळीणबाई टोपीत केस कोंबत होत्या.