डावा हात

"येतंय त्यानं उजवा हात वर करायचा, येत न्हाई त्यानं डावा. पण हात समद्यांचा वर पायजे!" मी पाचवीच्या वर्गाला शेवटचं बजावलं. तपासणीला येणाऱ्या दिपोटीसाहेबांची सायकल वेशीपाशी दिसली होती.

साहेब वर्षातून एकदा येत, तासभर बसत आणि तेवढ्यावर पोरांचं वर्ष नि मास्तरची नोकरी जोखत. आम्हीही काही दुधखुळे नव्हतो. प्रश्न साहेब विचारत, उत्तर कुणी द्यायचं ते मी बोटानं दाखवी. शिराळ्याकडच्या कितीतरी मास्तरांनी ही युक्ती माझ्याकडून उचलली होती, आणि मला त्याचा अभिमान होता. त्या अभिमानाला आता जोड्यानं मारावंसं वाटतं.

डावे कोण, हे मी जूनमध्येच ठरवून टाकी. मग वर्षभर त्यांच्याकडे बघतच नसे.

साळूबाईची अंजना डावी. तिचा बाप नाथाजी आदल्याच दिवशी शाळेत येऊन गेला होता.

"गुरुजी, सायबानं पोरीला चांगली म्हटलं तर सातवीपातूर शिकीवतो. न्हाईतर शाळा बंद. मागणं आलंच हाय."

"बघू," मी म्हणालो. बघायचं काय होतं?

साहेबांनी दिडकीचा, म्हणजे दीडपटीचा पाढा काढला. "सतरा दीड?"

सगळा वर्ग हातांनी भरला. तिसऱ्या रांगेत अंजनाचा उजवा हात ताठ वर होता. माझ्या बोटाची वाट न बघता साहेबांनी हिलाच उठवलं तर? मी डोळे वटारले, डावा हात जरासा हलवला. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मी पुन्हा डोळे वटारले.

तिनं उजवा हात खाली घेतला आणि डावा वर केला.

मी लालासाहेबाकडे बोट केलं. "साडेपंचवीस!" तो ओरडला. साहेब खूश झाले. शेरा मिळाला, 'उत्तम'.

शाळा सुटल्यावर अंजनाची पाटी तिथंच राहिलेली दिसली. वीसपर्यंत दिडकी लिहिली होती. एक आकडा चुकला नव्हता. पाटी घेऊन मी तिच्या घरी गेलो.

"आवं गुरुजी, हळद निवडताना म्हैनाभर हेच म्हणत हुती," साळूबाई म्हणाली. "बानं इचारलं, सायबानं काय इचारलं? तर म्हणती, मला कुनी इचारलंच न्हाई."

नाथाजी ओसरीवरच बसला होता. चूक पोरीची नाही, माझी आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण सांगितलं तर युक्ती फुटली असती. पाटी ठेवली आणि मी परत आलो. त्याच वैशाखात तिचं लग्न शेजारच्या वाडीत झालं. मी जेवायलाही गेलो होतो.

पाच वर्षांनी, शेहेचाळीस साली, कंट्रोलचं, म्हणजे रेशनवरचं कापड वाटायची वही मास्तरांच्या गळ्यात पडली. वाडीच्या रांगेत अंजना उभी होती. कडेवर पोर, डोक्यावर पदर.

"सही करशील ना, अंजना?" मी टाक पुढे केला. माझा आवाज मलाच लाचार वाटला.

तिनं टाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवशी वर्गात पाहिलं होतं, तसंच. पोर उजव्या कडेवर घेतलं आणि डाव्या हाताचा अंगठा पुढे केला.

"डावाच लागतो न्हवं, गुरुजी?"

मी शाईची गादी तिच्यापुढे सरकवली.