फोटोखालचं नाव

पुस्तकबांधणीवाल्याने ब्रश खळीत बुडवला, भांड्याच्या काठाला पुसला आणि उलट्या ठेवलेल्या फोटोच्या पाठीवरून हलक्या हाताने फिरवला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा फोटो होता तो. जाड काळ्या पानावर बसवून त्याने तो फडक्याने मधून कडेकडे दाबत नेला आणि खाली पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलं, ‘पुन्हा एकदा’.

दारात लेक येऊन उभी राहिली.

“बाबा, निघायचंय ना? बाईंनी तपासणीची वेळ दिलीय.”

“झालंच,” तो मान वर न करता म्हणाला.

झालं काहीच नव्हतं. टेबलावर अजून फोटो पडले होते आणि एका कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या न बांधलेल्या पुस्तकांची चळत वाढत चालली होती. त्या चळतीकडे तो सध्या बघतच नसे.

मास्तरांना ‘पुन्हा एकदा’ हे नाव त्याच्या बायकोनं ठेवलं होतं. समोरच्यानं काहीही सांगितलं तरी मास्तर आधी “पुन्हा एकदा?” म्हणत आणि मग ऐकत. बायकोकडे ही कलाच होती. माणूस दिवसभर जो शब्द नकळत सांडत हिंडतो, तो ती बरोबर उचलायची आणि नाव म्हणून त्याच्याच आवाजात त्याला परत करायची. असा, की आधी तो माणूसच हसत सुटायचा. औषधवाला ‘सुट्टे आहेत का’. शेजारीण ‘कुणाला सांगू नकोस’. खुद्द लेक ‘कुठे गेलं माझं’. घरात कितीही ताणाताणी असली तरी ती एखाद्याचं नाव घ्यायची आणि वातावरण निवळायचं.

आता ती दवाखान्यात गप्प होती. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली, ते एक वेळ सोसलं असतं. पण जीभ गेली आणि नजर कुणावर टिकेना. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी परवा स्पष्टच सांगितलं होतं, “त्यांचं लक्षच लागत नाही कशात. पुढच्या तपासणीत काही दिसलं नाही, तर मला हे थांबवावं लागेल. दुसरे पेशंट वाट बघतायत.”

त्याला ती परत हवी होती. तिच्या हाताचा स्वयंपाक नको, सेवा नको, नुसती ती हवी होती. म्हणून, ओळखीच्या चेहऱ्यांवर तरी तिची नजर टिकेल या आशेनं, तो दारोदार फिरून फोटो मागत सुटला आणि जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं बांधलेल्या हातांनी त्याने ही वही दुहेरी दोऱ्यात शिवली. पण पानं भरत गेली तसं त्याचं काळीज खचत गेलं. चेहरे होते, नावं होती, ओळी सरळ होत्या. तिचा मात्र पत्ता नव्हता. शेजारणीचं नाव त्याने बायकोच्या सुरात म्हणून बघितलं, तर घशातून त्याचाच घोगरा आवाज आला.

शेवटचं पान त्याच्या स्वतःच्या फोटोसाठी ठेवलं होतं आणि त्याखालची नावाची जागा रिकामी होती. त्याला वाटत होतं, आपल्याला काही नाव नाहीच, आपण फक्त ‘अहो’. पण काल त्याने सहज शेजारणीला विचारलं.

“मला काय म्हणायची हो ती?”

गल्लीतली एकही बातमी पोटात न ठेवणारी ती बाई पदर सावरून आत वळली. “मला नाही बाई माहीत.”

म्हणजे नाव होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने लेकीला विचारलं, तर तिचे डोळे भरून आले. “ते आईच्याच तोंडून ऐका, बाबा,” एवढंच ती म्हणाली. नाव वाईट असलं तरी त्याची हरकत नव्हती. ते तिच्याबरोबरच जाईल, या भीतीनं मात्र त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

दवाखान्यात बायकोला खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. बाई कागद घेऊन बाजूला बसल्या. त्याने वही तिच्या मांडीवर ठेवली आणि एकेक पान उलटत गेला.

“हे बघ, मास्तर. पुन्हा एकदा. आणि हा औषधवाला. सुट्टे आहेत का?”

ती खिडकीबाहेर बघत होती. त्याने आवाज चढवला, नकला केल्या, मास्तरांसारखा कानामागे हात धरला. बायकोची मान तसूभर हलली नाही. त्याचा आवाज चिरकला, तशी लेकीनं तोंड फिरवलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “काका, राहू द्या आता. तुम्ही खूप केलंत.”

शेवटचं पान उघडं होतं. निघता निघता घाईत लावलेल्या त्याच्या फोटोची खळ अजून ओली होती आणि कोपरा उचलला गेला होता. तसला कोपरा बघून गप्प बसणं त्याच्या हातांना कधी जमलं नव्हतं. त्याने खिशातून फडकं काढलं आणि खाली वाकून तो दाबू लागला.

“काका, पुढचे पेशंट बाहेर बसलेत.”

“झालंच,” तो म्हणाला.

वरून एक आवाज आला. ठसका लागल्यासारखा, अडकलेला. त्याने घाबरून वर बघितलं. तिच्या ओठांची डावी कड वर ओढली गेली होती, खांदा हलत होता, आणि ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

“काय झालं? पाणी देऊ?”

लेक भिंतीला टेकून हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. “बाबा, तेच म्हणा. आत्ता म्हणालात ना, तेच.”

“मी कुठे काय म्हणालो?”

आणि मग त्याच्या लक्षात आलं. दुकानात तो हे म्हणाला की गिऱ्हाइकं खाली बघून का हसायची, शेजारीण घाईनं आत का वळली, सगळंच. त्याने खिशातली पांढरी पेन्सिल काढली आणि रिकाम्या जागेत लिहिलं, ‘झालंच’. जन्मात पहिल्यांदा त्याची अक्षरं वाकडी आली.

बायकोनं डावा हात उचलून बोट त्या शब्दावर ठेवलं. ते घसरून ओल्या फोटोवर गेलं आणि फोटो तिरका झाला. तो सरळ करायला त्याचा हात पुढे झाला नाही. तिचे ओठ एकमेकांपासून सुटले, त्यातून नुसती हवा आली. पुन्हा सुटले.

बाईंनी टोपण काढलं, उठून दार किलकिलं केलं आणि बाहेर थांबलेल्यांना म्हणाल्या, “बसा जरा. इथलं अजून व्हायचंय.”