यादीतून गळलेले एकेचाळीस

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे मेंदू मोजण्यात डॉक्टरीणबाईंची सोळा वर्षं गेली होती. दरवर्षी तेच रुग्ण स्कॅनला बोलवायचे, मेंदूचा कुठला भाग किती आक्रसला ते पाहायचं आणि माणसाचं कसं चाललंय त्याच्याशी ताडायचं. निष्कर्ष हाताशी आला होता: पहिल्याच स्कॅनमध्ये एक ठरावीक भाग बारीक दिसला, की पाच वर्षांत माणूस कामातून उठतो. निबंध छापायला पाठवला, तर परीक्षकाने एवढंच विचारलं, की मधूनच यायचे थांबलेल्या एकेचाळीस जणांचं काय झालं?

विभागप्रमुख म्हणाले, 'प्रकृती बिघडल्याने गळले' असं लिहा आणि मोकळ्या व्हा. बाईंनी लिहिलंही. मग त्यांना जाणवलं, की यातल्या एकालाही आपण विचारलेलं नाही. ओळ खोडून त्या विभागातल्या, रुग्णांच्या घरोघर फिरणाऱ्या नर्सकडे गेल्या. तिला सगळे भिंगरी म्हणत. पाय एका जागी ठरेल तर शपथ.

पहिलं घर एका पुस्तकबांधणीवाल्याचं. याचा स्कॅन अख्ख्या अभ्यासात सगळ्यांत वाईट होता, बाईंना तो पाठ होता. दार आईने उघडलं. तो कामावर गेलाय म्हणाली. बाईंना ते खरं वाटेना, म्हणून दोघी कारखान्यात गेल्या. तो पुठ्ठ्याला सरस लावत होता. हातातलं संपवल्याशिवाय त्याने मान वर केली नाही.

बाईंनी त्याला कानात येणाऱ्या आवाजांचं विचारलं.

"आहेत की. जातात कुठे? कामाच्या वेळी आले तर सांगतो, हात अडकलेत, जेवणाच्या सुट्टीत या. कधी ऐकतात, कधी नाही."

"मग तपासणीला यायचं का सोडलंत?"

"तुम्ही सकाळी दहाला बोलवायचात. दहाला मी इथे असतो."

दोन महिने दोघींनी जिने झिजवले. तिघे वारले होते. आठ जणांचं खरंच बिघडलं होतं. त्यातल्या एकीला भावाने खोलीत कोंडून ठेवलं होतं, तिला भिंगरीने गोडीगुलाबीने बोलून उपचाराला आणलं. अकरा जण घरच्यांच्या आधाराने बरे राहत होते. उरलेले एकोणीस कामावर होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा तो भाग पहिल्याच स्कॅनमध्ये बारीक होता.

बाईंनी आकडे नव्याने मांडले आणि निष्कर्षातला जीवच गेला. प्रमुख भडकले. "सोळा वर्षांवर पाणी फिरवलंत तुम्ही."

"भांडंच गळकं होतं, सर. मी फक्त भोक दाखवलं," बाई म्हणाल्या. घरी जाऊन मात्र त्या नवऱ्यासमोर रडल्या.

निबंध एका लहानशा नियतकालिकात छापून आला. पुढचा प्रकल्प दुसऱ्याकडे गेला. महिनाभर बाईंना कशातच गोडी वाटेना. शेवटी भिंगरीनेच एका वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्या मिळवल्या आणि संध्याकाळी सहा ते आठ दवाखाना सुरू झाला. एकेचाळिसांपैकी बावीस जण तिथे येऊ लागले.

दुसऱ्या वर्षी बांधणीवाल्याचे आवाज त्याचं अजिबात ऐकेनासे झाले. त्याची झोप उडाली, त्याने जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी आई त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन आली. बाईंनी औषध बदललं, भिंगरी रोज घरी जात राहिली आणि कारखान्याच्या मालकाला भेटून तिने त्याची जागा राखली. पाचव्या आठवड्यात तो परत कामाला लागला. सुरुवातीला अर्धाच दिवस जमायचं.