बॅरन क्रॅग चुकीच्या बाजूनं आला

आमच्याकडे नाताळच्या बालनाटकांत एक रीत देवाधर्मासारखी पाळतात. परी येणार ती उजव्या विंगेतून आणि दुष्ट माणूस येणार तो डाव्या. का, ते मला विचारू नका. माझी आजी परी व्हायची तेव्हाही असंच होतं. डावीकडे हिरवा दिवा लागला रे लागला, की अख्खं थिएटर "बूऽऽऽ" करून त्या दुष्टाची हुर्यो उडवतं. टाळ्या आम्हा पऱ्यांना, त्याचं पोट भरतं ते हुर्योवर. ज्याला पोरं हुर्यो करत नाहीत त्यानं खुशाल दुसरा धंदा बघावा.

आमच्या समुद्रकाठच्या गावात हुर्यो खावी ती सिरिल हॅगार्थनं. पोरांची गाणी पकडून पिंजऱ्यात कोंडणारा बॅरन क्रॅग! ते वाकडं नाक, तो काळा झगा आणि तो घोगरा आवाज. पुढच्या रांगेतली पोरं आईच्या मांडीत तोंड खुपसायची. आणि नाक उतरवलं की हाच सिरिल म्हणजे गरीब गाय. दुकानात सुट्टे पैसे कमी मिळाले तरी "थँक्यू" म्हणून बाहेर पडणारा.

तर हा आमचा पन्नाशीचा ब्रह्मचारी ग्वेनच्या प्रेमात पडला. ग्वेन धक्क्यावर चहाची टपरी चालवते. नवरा वारलेला, पदरात सहा वर्षांची हेझल. ग्वेननं त्याला स्पष्ट सांगितलं, "मला तू हवास, सिरिल. पण हेझलला नको असलेला माणूस मी घरात आणणार नाही. तिचा होकार आला तर लग्न, नाही तर चहा पी आणि घरी जा."

हेझल कसली होकार देतेय! हा टपरीवर आला की ती बिस्किटांच्या डब्यामागे जाऊन बसायची. आणि त्या शनिवारी दुपारच्या खेळाला ग्वेन तिला घेऊन आली, तिसऱ्या रांगेत.

"मॉइरा, मेलो गं मी," सिरिल मेकअपच्या खोलीत हात चोळत म्हणाला. "पोर घाबरली तर?"

"घाबरू दे की! त्यासाठीच तर लोक तिकीट काढतात."

"अगं, पण हे नाक तिच्या स्वप्नात आलं तर ती मला जन्मात दारात उभं करायची नाही."

"मग नाकाला सांग, स्वप्नात जाऊ नकोस म्हणून. चल, हो तयार."

मला वाटलं, विषय संपला. मी उजव्या विंगेत जाऊन उभी राहिले. माझा देह आता परीसारखा राहिलेला नाही, त्यामुळे पंख सरळ बसवायला वेळ लागतो. मान वर करून बघते तर शेजारी सिरिल! नाक नाही, अंगावर झगा तेवढा, आणि चेहऱ्यावर शाळामास्तरासारखं हसू.

"अरे गाढवा, ही माझी बाजू! तू तिकडून..."

"आजच्या दिवस, मॉइरा," असं म्हणून तो गेलासुद्धा. माझ्यासाठी लावलेल्या गुलाबी उजेडात उभा राहून म्हणतो कसा, "या, या बाळांनो! बसलात ना नीट?"

थिएटरात चिडीचूप. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. हुर्यो करावी तर हा परीच्या बाजूनं आलेला, टाळ्या वाजवाव्यात तर कपड्यांवरून बॅरन. पियानोवाल्यानं गाणं सुरू केलं, तर "कोंडीन गाणी पिंजऱ्यात" हे सिरिलनं चक्क अंगाईसारखं म्हटलं. कोणीतरी जांभई दिली. त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. मला राग आला होता, पण खोटं कशाला बोलू, जीव तुटत होता माझा त्याच्यासाठी.

एवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "ए! ती परीची बाजू आहे!"

हेझल खुर्चीवर उभी. ग्वेन तिचा फ्रॉक ओढतेय, पण ती कसली ऐकते.

"मी... मी आज चांगला बॅरन आहे," सिरिल चाचरत म्हणाला.

"चांगला? मग आम्ही बू कुणाला करायचं? जा परत! नीट ये!"

"परत जा! परत जा!" सगळी पोरं ओरडायला लागली. सिरिलनं माझ्याकडे पाहिलं. मी विंगेतूनच जादूची छडी उगारली. "ऐकलंस ना? नीघ!"

तो पडद्यामागून धावत पलीकडे गेला. ढोल वाजला, हिरवा दिवा लागला आणि डावीकडून ते वाकडं नाक आधी आलं, मग बॅरन. "कुठायत ती... गाणारी... पोरं?" बाई गं! इतकी वर्षं त्याच्याबरोबर काम केलंय, तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि जी हुर्यो उठली म्हणता! हेझलनं आईच्या कोटात तोंड लपवलं होतं, फक्त एक डोळा बाहेर, पण सगळ्यांत मोठं "बू" तिचंच.

खेळ संपल्यावर ग्वेन तिला आत घेऊन आली. सिरिलचं नाक टेबलावर पडलेलं. त्यानं खाली बसून विचारलं, "घाबरलीस का गं?"

"खूप," हेझल म्हणाली. सिरिलचा चेहरा पडला. "उद्या परत येऊ?"

"ये की! आणि असंच मोठ्यानं बू कर हं. तू बू केलंस ना, की मला कळतं, तुला मी आवडलो."

हेझलनं हे फार गंभीरपणे ऐकून घेतलं. मग टेबलावरचं नाक उचलून स्वतःला लावून पाहिलं.

बिस्किटांच्या डब्यामागून ती बाहेर आली, पण होकाराचा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. शेवटी वसंतात ग्वेननंच "गप्प बसते म्हणजे हरकत नसेल" म्हणून तारीख ठरवली. सिरिलला मात्र ते लागून राहिलं होतं. नोंदणी कचेरीत माझ्या शेजारी उभा होता तेव्हाही पुटपुटत होता, "तिनं एकदा हो म्हणायला हवं होतं गं."

कचेरीतल्या लांबट चेहऱ्याच्या साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "या विवाहाला कुणाची हरकत असल्यास आताच सांगावं."

पुढच्या रांगेत पिवळे बूट खुर्चीवर चढले.

"बूऽऽऽऽऽ!"

साहेबांचं पेन खाली पडलं. ग्वेनच्या मावशीनं छातीला हात लावला. साहेब घाबरून म्हणाले, "हे... ही हरकत समजायची का?"

सिरिलच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता.

"नाही साहेब," तो म्हणाला, "पुढं चला. मुलीचा होकार आला."