ज्या अंगठ्यानं कॉम्प्युटर बंद पडला

पंखा आधी खुरखुरला, मग फिरायला लागला. डब्यावरचा हिरवा दिवा लागला, पडदा उजळला आणि माझ्या सेवा केंद्राच्या दारात, खिडकीत, ओट्यावर दाटीनं उभ्या असलेल्या माणसांनी एकदम हात जोडले. कुणीतरी पायातल्या चपला काढल्या. ते बघून बाकीच्यांनीही काढल्या. मेल्यासारखा पडलेला माझा कॉम्प्युटर उत्तरेश्वर महाराजांनी एक लिंबू, एक पिवळं फडकं आणि चिमूटभर अंगारा एवढ्यावर उठवून बसवला होता.

द्वारकाबाईंनी पुढं होऊन कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. ते कीबोर्डच्या फटीत सांडलं. मी फडक्यानं पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे पोरी. पुसू नगंस."

"आता बोला की ताई," त्यांचे मालक कोंडीराम मला म्हणाले. "तुमचं विज्ञान काय म्हणतंय?"

लोक माझ्याकडं बघत होते. मी धाराशिवच्या कॉलेजात बीएस्सी केलेली, गावात कॉम्प्युटर आणणारी, दाखले, अर्ज, विमा सगळं करून देणारी संघप्रिया. मी म्हणाले, "तो कसा चालू झाला ते मला माहीत नाही. पण मला माहीत नाही म्हणून ती करणी ठरत नाही."

लोक हसले. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी माझ्या बोलण्यात हसण्यासारखंच होतं. महाराजांनी कॉम्प्युटर चालू करून दाखवला होता. मी काय दाखवलं होतं?

झालं होतं ते असं. आमचं गाव बेंबळीच्या पुढं, आत. पीकविम्याची मुदत संपत आली होती आणि केंद्रापुढं सकाळपासून रांग होती. त्या रांगेत मथुराबाई होत्या. म्हाताऱ्या, एकट्या; आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेल्या. त्यांना रेशनकार्डासाठी अंगठा द्यायचा होता, आणि मशीन त्यांचा अंगठा घेत नव्हतं. मी त्यांचं बोट पुसलं, ओलं केलं, दुसरं बोट लावलं. पुन्हा नकार. मागून लोक कुरकुरत होते. त्यांनी पुन्हा एकदा अंगठा टेकवला, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली.

बाहेर वारं सुटलं होतं. तारा एकमेकींना घासत होत्या. लाईट आली, गेली, परत आली. आली ती अशी की बल्ब भगभगून पांढराफटक झाला. माझ्याकडच्या बॅटरीनं कधीच मान टाकलेली. सगळं निवल्यावर मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पंखा नाही, दिवा नाही. तार एका सॉकेटातून काढून लगेच दुसऱ्यात घातली. बल्ब लागत होता, मोबाईल चार्ज होत होता, फक्त कॉम्प्युटर मुका.

धाराशिवच्या मेकॅनिकला फोन लावला. तो बाहेरगावी होता. परत आल्यावर डबा घेऊन या म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. रांगेतली माणसं येत, बंद पडद्याकडं बघत, माझ्याकडं बघत आणि जात. मी नुसती बटण दाबत बसायची. एखादी गोष्ट भुताटकी नाही हे पक्कं ठाऊक असावं आणि ती काय आहे हे मात्र अजिबात ठाऊक नसावं, यासारखं लाचार करणारं दुसरं काही नाही.

मग कोंडीराम महाराजांना घेऊन आले. हे गृहस्थ गेल्या काही महिन्यांपासून देवळाच्या ओवरीत मुक्कामाला होते. बंद मोटारी, अडलेले बोअर, रुसलेला टीव्ही असल्या गोष्टींत त्यांचा हातखंडा. त्यांनी कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली, नाक ओढून वास घेतला आणि बोलायला लागले.

"फेज म्हंजी पुरुष. न्यूट्रल म्हंजी प्रकृती. दोघांचा संसार नीट चालला तर दिवा लागतो. हितं दोघांच्या मधी तिसरं कोण तरी शिरलंय. अर्थिंग पाताळात जाती, म्हंजी ते आलंय पाताळातनं. बंद पडली तवा मशीनला कुणाचा हात होता?"

महाराजांनी डोळे मिटले. "ज्याचा ठसा यंत्र घेत न्हाय, त्याचा श्वास यंत्रात अडकलेला असतोय."

आता सगळ्यांना आठवलं. नाव महाराजांनी घेतलं नाही. नाव द्वारकाबाईंनी घेतलं, आणि मग ओट्यावरून, खिडकीतून, दारातून तेच नाव परत परत आलं.

मी म्हणाले, "अहो, त्यांच्या बोटाच्या रेषा झिजल्यात. याचा लाईटशी काय संबंध?"

"ताई, तुमचा देवाधर्मावर विश्वास न्हाय, आमाला ठावं हाय," मागून कुणीतरी म्हणालं. मी बौद्ध वस्तीतली. असल्या वेळी मी तोंड उघडलं की माझ्या बोलण्याआधी लोकांना माझी वस्ती ऐकू येते. त्यापुढं मी काहीही बोलले असते तरी ते पोचणार नव्हतं.

महाराजांनी आज्ञा दिली, "याला आधी समद्या बंधनातनं मोकळं करा." सगळ्या तारा काढल्या. डब्यावर पिवळं फडकं टाकलं, वर लिंबू ठेवलं. सगळ्यांना डोळे मिटून मोठ्यानं नामस्मरण करायला सांगितलं. सगळ्यांनी मिटले. मी मिटले नाहीत. महाराजांचा एक हात फडक्याखाली होता. बराच वेळ होता. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तार जोडली, अंगारा फुंकला, बटण दाबलं, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

गावाचे अर्ज भरले गेले. मीच भरले. प्रत्येक जण जाताना कॉम्प्युटरच्या पाया पडत होता.

मथुराबाईंच्या दारावरून माणसं जाईनाशी झाली. नळावर त्या आल्या की बायका घागरी उचलून मागं सरत. त्यांना कामाला बोलवणाऱ्यांनी परस्पर दुसऱ्या बायका बोलवल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर हात टाकला नाही. नुसतं सगळ्यांनी त्यांच्याशी बोलायचं बंद केलं.

मी घरोघर जाऊन बोलले. लोक चहा देत आणि विषय बदलत. मी मथुराबाईंना म्हणाले, "याच्याविरुद्ध कायदा आहे. माझ्याबरोबर ठाण्यात चला, तक्रार देऊ."

"कुणाकुणाची दिऊ?" त्या म्हणाल्या. मग पदराला हात पुसत हळूच म्हणाल्या, "प्रिया, खरं सांग. मीच असंन का गं?"

"नाही, मावशी."

"मग कशानं बंद पडली?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काय समजायचं ते समजल्या. त्याच आठवड्यात घराला कुलूप लावून त्या जळकोटला, बहिणीच्या लेकीकडं निघून गेल्या.

त्यानंतर एका दुपारी पुन्हा तशीच लाईट गेली, झटके देत आली आणि कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. केंद्रात मी एकटीच होते. मी दार लोटून घेतलं. महाराजांनी केलेली एकेक गोष्ट आठवून मी ती वेगवेगळी करून बघायची ठरवली.

लिंबू ठेवलं. बटण दाबलं. नाही. पिवळं नव्हतं, हिरवं फडकं टाकलं. नाही. हसू येत होतं आणि रडूही. उदबत्तीची राख फुंकली. नाही. मग उरल्या दोनच गोष्टी: काढलेल्या तारा आणि फडक्याखालचा हात. मी तार काढली, पण यावेळी लगेच घातली नाही. फडक्याखाली हात नेमका कुठं होता ते आठवलं. डब्याच्या पुढच्या बाजूला, बटणापाशी. तार काढलेली असतानाच मी बटण दाबून धरलं. सोडलं, पुन्हा दाबून धरलं. थोडा वेळ थांबले. मग तार जोडली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला.

मी खुर्चीत बसून राहिले. एवढंच होतं. एवढंसं मला आधी ठाऊक असतं तर मथुराबाईंच्या दाराला कुलूप लागलं नसतं.

मग मी त्यामागचं कारण शोधलं. वाचलं, धाराशिवला जाऊन माझ्या जुन्या प्राध्यापकांनाही विचारलं. कॉम्प्युटरच्या डब्यात विजेची एक पेटी असते. बाहेरून वीज झटके देत किंवा जादा दाबानं आली की आतले भाग जळू नयेत म्हणून काही पेट्या स्वतःला कुलूप लावून घेतात. तार जोडलेली असेपर्यंत ते कुलूप निघत नाही. तार काढून थोडं थांबलं, बटण दाबून आत साठलेली उरलीसुरली वीज जाऊ दिली, की ते सुटतं. मी पहिल्या दिवशी तार काढून लगेच दुसऱ्या सॉकेटात घातली होती, म्हणून जमलं नाही. महाराजांनी नामस्मरणात वेळ काढला, म्हणून जमलं.

मी कोंडीरामांना गाव जमवायला सांगितलं. "मी कॉम्प्युटर मुद्दाम बंद पाडणार आहे आणि पुन्हा चालू करणार आहे," म्हणाले. तमाशा बघायला सगळे आले. महाराजही आले.

मी बोर्डाचं बटण भराभर चालू-बंद केलं. पहिल्यांदा कॉम्प्युटर परत सुरू झाला. लोक खुसखुसले. पुन्हा केलं, पुन्हा केलं, आणि अखेर तो मुका झाला.

"महाराज," मी म्हणाले, "तारेला हात न लावता, नुसत्या लिंबावर चालू करून दाखवा."

"आज योग न्हाय," महाराज म्हणाले. "अवसेचं सावट हाय."

"मग द्वारकाबाई, तुम्ही या. ही तार काढा. हे बटण दाबून धरा. आता सोडा. थांबा जरा. कुणी नाव घ्यायचं नाही, डोळे उघडे ठेवायचे."

द्वारकाबाईंनी भीत भीत सगळं केलं. तार जोडली, बटण दाबलं. पंखा खुरखुरला आणि फिरला. द्वारकाबाई हात मागं घेऊन स्वतःच्या बोटाकडं बघत राहिल्या. या वेळी कुणी चपला काढल्या नाहीत.

मी पेटीची गोष्ट समजावून सांगितली. मग अंगठ्याचं मशीन द्वारकाबाईंपुढं केलं. "आता अंगठा लावा." त्यांनी लावला. मशीननं नाकारला. पुन्हा लावला, पुन्हा नाकारला. त्यांनी तो लुगड्याला घासून लावला. नाही.

"सोयाबीन खुरपून, भांडी घासून रेषा जातात," मी म्हणाले. "तुमच्याही गेल्यात. आता तुमचा श्वास कशात अडकला म्हणायचं?"

"मला जळकोटला ने पोरी," द्वारकाबाई म्हणाल्या.

गडबडीत महाराज ओवरीकडं निघाले होते. मी त्यांना गाठलं. हे कुठं शिकलात विचारलं तेव्हा ते जरासं हसले. "सोलापुरात रिपेरीच्या दुकानात होतो ताई. तितं बटण दाबून चालू केली तर चहा बी कुणी इचारत न्हवतं."

"आणि मथुराबाई?"

"म्या बाईचं नाव घेतलं का?" ते शांतपणे म्हणाले. "गावानं घेतलं." संध्याकाळच्या एसटीनं ते निघून गेले. त्यांचं हे वाक्य मात्र खरं होतं.

पुढच्या दिवशी द्वारकाबाई आणि मी जळकोटला गेलो. मथुराबाई पडवीत तूर निवडत बसल्या होत्या. शेजारी झोळीत बहिणीच्या लेकीचं तान्हं बाळ. द्वारकाबाईंनी त्यांचे पाय धरले, चुकलं म्हणाल्या, घरी चला म्हणाल्या. मी पेटी, कुलूप, तार, सगळं पुन्हा सांगितलं. मथुराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मशीन चालू हाय न्हवं? बरं झालं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. झोळी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. मग आत बघून भाचीला हाक मारली, "बाई, पोरगं उठलंय, घे त्याला."

"मावशी, तुम्ही घ्या की," मी म्हणाले.

"तू सांगतीस तवर पटतंय गं," त्या म्हणाल्या. "तू गेलीस की परत वाटतंय, हातात काय तरी असंल माझ्या. लेकराला कशाला लावू?"

त्या आल्या नाहीत. अजूनही आलेल्या नाहीत. मी अधूनमधून जाते, पुन्हा सांगते. त्या पुन्हा ऐकतात.

लाईट जाऊन आल्यावर तुमचा कॉम्प्युटर लागला नाही, तर तार काढा, बटण दाबून धरा, थोडं थांबा आणि पुन्हा जोडा. तरीही लागला नाही तर दुरुस्तीला न्या. दरवेळी कारण हेच असेल असं नाही. कारण सापडेपर्यंत "माहीत नाही" म्हणा आणि शोधत राहा. माहीत नाही म्हणण्यात कमीपणा काही नाही. पण त्या रिकाम्या जागेत कुणी एखाद्या माणसाचं नाव घालायला निघालं, तर निदान तुम्ही ते नाव उच्चारू नका. बंद पडलेलं यंत्र आज ना उद्या चालू होतं. मथुराबाईंना त्यांचा स्वतःचा हात परत कसा द्यायचा, ते मला अजून सापडलेलं नाही.