अकरा कादूस

मुलांनो, एक मडकं डोळ्यांसमोर आणा. तांब्याएवढं, मातीचं, बुडाला बारीक भोक. भरून खुंटीला टांगलं की थेंब थेंब करत रिकामं होतं. आता अशी कल्पना करा, की तुमच्या गावाला एकच झरा आहे, चहूकडे वाळू आहे, आणि कुणाच्या खजूरबागेत किती वेळ पाणी जायचं ते हे मडकंच ठरवतं.

ट्युनिशियातल्या ऐन रतबा गावात त्या मडक्याला कादूस म्हणत. ते राखायचं काम लझहर आजोबांचं. दहा वर्षांची त्यांची नात मबरूका हाताखाली शिकत होती. कादूस रिकामा झाला की खजुराच्या पातीला एक गाठ मारायची आणि तो पुन्हा भरायचा. पाळी सुरू होण्याआधी बागेचं नाव पुकारायचं. ज्याची पाळी, त्यानं "आलो" म्हणायचं. तीनदा पुकारूनही कुणी बोललं नाही, तर त्या दिवसाचं पाणी शेजारच्या बागेला. मग तो माणूस कितीही मोठा असो.

हशमी याच गावचा, खजुरावर चढणाऱ्या, स्वतःचीही एक बाग असलेल्या गड्याचा मुलगा. राजधानीत शिकून तो इतिहासाचा प्राध्यापक झाला. मबरूकाच्या जन्माआधी दोन उन्हाळे तो लझहर आजोबांच्या घरी राहिला होता. ते पाळ्या सांगत, तो वहीत उतरवून घेई. "काका, तुमची आठवण हेच माझं ग्रंथालय," म्हणे. जाताना त्यानं पाळ्यांचा, कुणाला कधी आणि किती कादूस पाणी ते लिहिलेला, जुना कागद मागितला. तो कागद मशिदीतल्या पेटीबाहेर कधी गेला नव्हता. गाव कुरकुरलं. पण किल्ली लझहर आजोबांकडे होती. ते म्हणाले, "आपल्याच पोराला नाही द्यायचा, तर कुणाला?"

त्या कागदाच्या आधारे हशमीनं जाडजूड पुस्तक लिहिलं आणि नाव कमावलं. पुढे राजवट बदलली, निवडणुका आल्या. तो आधी खासदार झाला आणि मग मंत्री. त्याच्यासाठी लझहर आजोबा काठी टेकत घरोघर मतं मागत फिरले. कागद मात्र परत आला नाही.

मग बातमी आली, की झऱ्यावर पाणी बाटल्यांत भरायचा कारखाना येणार. लोक निर्धास्त होते. हशमी बसलाय ना तिथं!

एका मंगळवारी दुपारी हशमी आला. झऱ्याजवळच्या मांडवात सगळं गाव जमलं.

"वाळलास रे पोरा," लझहर आजोबा म्हणाले. "तिथं जेवायला घालतात ना तुला?"

हशमीनं हसून त्यांचा खांदा थोपटला आणि तो शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाला, "हे आमचे जुने माहितगार."

माहितगार! मबरूकाला ते टोचलं. आजोबा तर त्याला पोरगा म्हणत होते.

हशमी बोलू लागला. पाणी सरकारचं आहे. कारखाना आला की नोकऱ्या येतील.

"आणि आमच्या पाळ्या?" लझहर आजोबांनी विचारलं. "कागद तुझ्याकडेच आहे की. दाखव यांना."

"तो मी तपासला, काका. अलीकडची नक्कल आहे. इतिहासकार म्हणून सांगतो, तो पुरावा होत नाही. आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींवर कायदा चालत नाही."

"पुस्तकात तर तूच तीनशे वर्षांचा म्हणालास!"

"तेव्हा मी तरुण होतो. चूक झाली."

"खरंय बाबा," हलीमा मावशी मागून ओरडल्या. "तेव्हा तू चहा आमचा पीत होतास. आता कारखान्याचा पितोस!"

लोक हसले, पण हसू लगेच विरलं. कुणीतरी म्हणालं, "लझहर, किल्ली तू फिरवलीस. केसानं गळा कापून घेतलास, आमचाही!"

लझहर आजोबांनी डोक्यावरची लाल टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मबरूकानं त्यांना चारचौघांत बोडक्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं.

इतक्यात तिसऱ्या प्रहराची बांग झाली. मंगळवारी बांगेनंतर कुणाची पाळी, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पुस्तक लिहिणारा मात्र ते विसरून गाडीकडे निघाला होता.

मबरूका उठली. तिनं कादूस भरला, भोकावर बोट दाबून धरलं आणि पुकारलं, "मंगळवार, तिसरा प्रहर! हशमीच्या वडिलांची बाग! अकरा कादूस!"

एरवी ती बाग सांभाळणारा हशमीचा चुलतभाऊ "आलो" म्हणे. आज तो हशमीकडे बघत गप्प बसला. हशमी थांबला. "आलो" म्हणावं, तर पाळ्या खऱ्या ठरतात.

तिनं दुसऱ्यांदा पुकारलं. मग तिसऱ्यांदा, थेट त्याच्याकडे बघून.

गाडीच्या दारावर हात ठेवून हशमी उभा होता. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण आवाज आला नाही.

मबरूकानं कादूस आजोबांच्या हातात दिला आणि त्यांनी भोकावर आपलं बोट धरलं. तिनं फावडं उचललं. हशमीच्या बापाच्या बागेकडे जाणारा पाट चिखलानं बुजवला आणि पाणी शेजारी, हलीमा मावशींच्या बागेकडे वळवलं. मग तिनं आजोबांकडून कादूस घेऊन खुंटीला टांगला आणि ती गाठी मारायला पात घेऊन खाली बसली.