धप म्हटलं की पाऊल

मित्रांनो, दाराआड टेकून ठेवलेली, मूठ गुळगुळीत झालेली जुनी चोपणी म्हणजे मी. जमीन ठोकून घट्ट करायचं लाकडी अवजार. तुम्ही मला बॅट समजाल. शेजारच्या मुलांनी तर एकदा माझ्याने षटकारही मारला.

जिते गावच्या हिरामण सुताराने मला बाभळीच्या ओंडक्यातून घडवलं आणि मी धरमतर खाडीकाठी, पुंडलिकबाबांच्या हाती आले. बाबा मिठागरात कामाला होते. पावसाळा सरला की मिठाच्या वाफ्यांची जमीन चोपायची, म्हणजे मिठात चिखल मिसळत नाही. दहा गडी एका ओळीत उभे राहत आणि ठेका धरत बाबा. धप. धप. घड्याळ कुणाकडेच नव्हतं, पण भरतीला किती अवकाश आहे ते बाबा ठोक्यांवरून सांगत. "अजून पाचशे ठोके, मंग पानी फिरंल," म्हणत, आणि पाणी फिरे. मला तेव्हा वाटे, वेळ माझ्यातूनच निघतो.

मग मिठागर बंद पडलं. मी दाराआड गेले. वारा सुटला की बाबांची बायको इंदुबाई मला दाराला अडण म्हणून लावत, तेवढंच माझं काम.

बाबा म्हातारे झाले. दिवस सरत नाही आणि वर्ष कधी सरलं ते कळत नाही, असं दोघंही म्हणत. उतारवयात पुष्कळांना तसं वाटतं. पण बाबांचं काही वेगळंच होतं. उजवा हात कापू लागला, पावलं आखूड झाली, उंबऱ्याशी आले की पाय रुतल्यासारखे थांबत. शेजारचा जगन म्हणे, "दादा, आवसेला निघालास तं पुनवंला पोचशील." बाबाही हसत. पाच मिनिटांत येतो सांगून ते तासाने येत आणि वर 'आताच तर गेलो होतो' म्हणत, तेव्हा मात्र इंदुबाईंना हसू येत नसे. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस आता आपल्याशी खोटं बोलू लागला, हे त्यांना फार लागलं. घरात अबोला आला.

अशाच एका दिवशी, भर ओहोटीला, बाबा चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला गेले. भरतीच्या आत परततो म्हणाले. उन्हं कलली तरी पत्ता नाही. चिखलात आधार हवा म्हणून इंदुबाईंनी मला उचललं आणि खाडी गाठली. जुन्या मिठागराच्या बुटक्या बांधावर बाबा उभे होते. दोन्ही बाजूंनी पाणी चढत होतं.

"आवो, भरती लागली. चला."

"येवड्यात? आताच तं आलो गो मी."

इंदुबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात लबाडी नव्हती, नुसतं नवल होतं. त्यांनी हात धरून ओढलं. बाबा पुढे कलले, पण पाय जागचे हलेनात. पाणी घोट्याला लागलं. काय करावं ते न सुचून इंदुबाईंनी मला बांधावर आपटलं. धप.

बाबांचा पाय उचलला गेला.

इंदुबाई थबकल्या. पुन्हा धप. दुसरा पाय. मग त्या मागे मागे सरत मला आपटत राहिल्या आणि बाबा ठोक्याला एक पाऊल टाकत आले, जणू गड्यांच्या ओळीत उभे असावेत. उंच बांधावर पोचल्यावर धापा टाकत म्हणाले, "तीनशे चालीस." ते मोजत आले होते.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हा कंपवात. मेंदूत खोलवर काही पेशी एक रसायन तयार करतात, त्याच्या जोरावर माणूस आत ठेका धरतो. त्या पेशी कमी झाल्या की ठेका मंदावतो. बाहेर अर्धा तास उलटतो, त्याला दहाच मिनिटं वाटतात. पायांनाही निघायची खूण मिळत नाही. पण कानावर पडलेला ठोका दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत जातो. सगळ्यांनाच असा गुण येत नाही, आणि गोळ्या वेळेवर हव्यातच.

इंदुबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजे ते खोटं बोलत नव्हते?"

"नाही हो, आजी. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं."

त्या घरी येईपर्यंत रडत होत्या. अबोला त्या दिवशी संपला.

पुढे लेक शांती दोघांना रोह्याजवळ, वरश्याला आपल्या घरी घेऊन गेली. इंदुबाईंनी कपड्यांच्या बोचक्याआधी मला काखेत मारलं. फ्लॅटमध्ये या लाकडाचं काय काम, असं शांतीने विचारलं.

"तुज्या बापाचं घड्याल हाय ते," इंदुबाई म्हणाल्या.

खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून माझ्या तोंडाला आता गोणपाट बांधलंय. बाबा किती वेळ झाला विचारतात, तेव्हा इंदुबाई मिनिटं सांगत नाहीत, ठोके सांगतात. ते बाबांना पटतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी उंबऱ्याशी अडलं तर 'चला, उरका' म्हणू नका, ओढू तर नकाच. त्यांची वेळ तुमच्या वेळेहून वेगळी चालते, एवढं मनात धरा आणि शेजारी उभे राहा. दाराआड काय धूळ खात पडलंय, तेही जरा पाहून ठेवा.

आता मला बोलावणं आलं. बाबांनी चप्पल घातली आहे, इंदुबाई माझी मूठ धरतायत.

धप.